जुनं वर, नवं खाली

रत्नागिरीत राम आळीत कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर बाबाजीशेठांची कचेरी आहे. जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांची कागदपत्रं तिथे होतात. त्या कचेरीत कमला पिलणकर कामाला आहेत. खरं विचाराल तर कचेरी कमलाबाईंची आहे आणि बाबाजीशेठ तिथे येऊन बसतात. पण पाटीवर नाव शेठांचं, तेव्हा आपणही तसंच म्हणू.

कमलाबाई इथे कशा आल्या ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. तीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला जहाजावर बोलावणं आलं होतं. तार आली ती याच कचेरीत. तेव्हाचा कारकून आलेला प्रत्येक कागद ट्रेमध्ये टाकायचा आणि काम करायला बसला की वरचा कागद उचलायचा. वर रोज नवी भर. धोंडू पिलणकरांची तार तळाशी नऊ दिवस पडून राहिली. जहाज गेलं, आणि धोंडूंनी पुढे दहा वर्षं रिक्षा चालवली. हे कळल्यावर कमलाबाई तरातरा जिना चढून आल्या आणि शेठांना म्हणाल्या, "तुमचा ट्रे उलटा आहे. जुनं वर पाहिजे. ज्याला जास्त दिवस झालेत त्याचं आधी बघायचं, एवढी अक्कल नको?" शेठ भला माणूस. म्हणाला, "मग उद्यापासून तुम्हीच बसा." बसल्या त्या आजतागायत बसल्यात.

ट्रे गेला, फॅक्स आला, फॅक्स गेला, कॉम्प्युटर आला. बाई आता अठ्ठावन्नच्या. मेलचा प्रोग्राम पहिल्या दिवशी उघडला तेव्हा नवं मेल वर आणि जुनं खाली! बाईंच्या कपाळाला आठ्या. "हा तर तोच मेला उलटा ट्रे," त्या म्हणाल्या आणि त्या प्रोग्रामच्या मागे हात धुऊन लागल्या. कोणाला विचारलं नाही. एकेक मेनू उघडून बघितला. तारखेवर टिचकी मारली की क्रम उलटतो हे त्यांनीच शोधलं. जुनं वर, नवं खाली. एकाच विषयाची मेलं एकाखाली एक गुंडाळून ठेवायची त्या प्रोग्रामला खोड होती, ती मोडली. मेल नुसतं समोर दिसलं तरी ते वाचलं अशी खूण व्हायची, तीही बंद केली. "बघितलं म्हणजे काम झालं काय? काम झालं की मीच सांगेन तुला." तेव्हापासून त्यांच्याकडे ठळक अक्षरातलं मेल म्हणजे बाकी राहिलेलं काम. मुंबईच्या ज्या तीन कंपन्या माणसं मागवतात त्यांच्यासाठी नियम लावला. त्यांचं मेल आलं की आपोआप लाल झेंडा लागायचा आणि रिमाइंडरची घंटा वाजायची. एकदा "नंतर आठवण कर" म्हटलं तर तासाने पुन्हा वाजायची. इतकी वाजायची की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची.

गेल्या वर्षी शेठांची सून तेजल कचेरीत येऊ लागली. पुण्याला शिकलेली, हुशार, कामाला वाघ. मुलीत खोट काढायला जागा नाही. फक्त तिला पसारा बघवत नसे. कमलाबाई पुतणीच्या साखरपुड्याला राजापूरला निघाल्या, गुरुवारी संध्याकाळी. जाताना तेजलला एवढंच सांगून गेल्या, "लाल झेंड्याचं काही आलं तर मला फोन कर. बाकीचं मी आल्यावर बघते."

बाई गेल्या आणि तेजल त्यांच्या खुर्चीत बसली. बघते तर एकशे त्रेसष्ट मेलं न वाचलेली! तिला वाटलं, बिचाऱ्या काकू, जमत नाही त्यांना, आणि सांगायला लाजतात. मग तिने प्रेमाने सगळं आवरलं. हो, प्रेमानेच, यात शंका नको. एका फटक्यात सगळी मेलं वाचलेली केली. नवं वर आणलं. एका विषयाची मेलं एकत्र गुंडाळली. मेल नुसतं दिसलं की वाचलं, ही खूणही पुन्हा चालू केली. आणि ती सारखी टणटण करणारी घंटा बंद करताना झेंडे लावणारा नियमही काढून टाकला. पडदा कसा लख्ख झाला. चार दिवस तेजल लाल झेंड्याची वाट बघत राहिली. झेंडाच लागत नव्हता, त्यामुळे तिने फोन केला नाही.

बुधवारी दुपारी दीडच्या सुमाराला राजापूरची एसटी आली. कमलाबाई पिशवीसकट थेट कचेरीत. बाकड्यावर योगिनी शिवलकर बसलेली. रडून डोळे सुजलेले.

योगिनीचा नवरा राकेश जहाजावर कूक. दोन वर्षांपूर्वी घरी आंब्यावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. पाय बरा झाला, डॉक्टरने मेडिकलचा दाखलाही दिला, पण जहाज मिळेना. जो तो विचारी, दोन वर्षं कुठे होतात? शेवटी कंटाळून त्याने खेडला एका हॉटेलात वडे तळायचं काम धरलं होतं. उद्या गुरुवारपासून जायचं होतं. माणूस अठरा वर्षं समुद्रावर राहिलेला. एकदा का तो त्या कढईपुढे उभा राहिला की पुन्हा जहाजाचं नाव काढणार नाही, हे योगिनीला माहीत होतं आणि कमलाबाईंनाही.

"काय गो, काय झालं?" बाईंनी विचारलं.

"जागा गेली म्हणतायत काकू. पण मी म्हटलं, काकूंच्या तोंडून ऐकेन, मग घरी जाईन. सकाळी अकरापासून बसलेय."

तेजल पुढे आली. तिचाही चेहरा उतरलेला. "काल कंपनीचं मेल आलंय काकू. वरच दिसतंय. तुमच्याकडून उत्तर नाही, म्हणून सेकंड कुकच्या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराचा विचार करतोय, असं लिहिलंय."

बाई खुर्चीत बसल्या. पडद्याकडे बघितलं. एकही ठळक ओळ नाही, एकही झेंडा नाही. आपल्याच घरात शिरावं आणि भांडी दुसऱ्याच फळीवर असावीत तसं.

"हे कोणी केलं?"

"मी... जरा स्वच्छ केलं."

"स्वच्छ! अगो बये, अंगणातला केर काढतेस की कोणाचं नशीब?" बाई कडाडल्या. खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन बघून गेला. पण बाईंचं एक आहे, राग आला तरी हात थांबत नाहीत. बोलता बोलता त्यांनी तारखेवर टिचकी मारली. जुनं वर आलं. गुंडाळी सोडवली. गुरुवार संध्याकाळपासूनची सगळी मेलं निवडून पुन्हा न वाचलेली केली. पडदा ठळक अक्षरांनी भरला, तसा त्यांना श्वास घेता आला.

"गुरुवारपासूनची एकशे बारा आहेत काकू," तेजल हळूच म्हणाली. "राकेशचं नाव टाकून शोधू का?"

"शोध."

तेजलने शोधलं. कालचं एकच मेल आलं, नकाराचं.

"बघितलंस? आता माझ्या पद्धतीने. उत्तर नाही म्हणून विचार करतोय, असं म्हणतायत ना? मग आधी काहीतरी विचारलं असेलच. विचारल्याशिवाय उत्तर कसलं? आणि विचार करतोय म्हणजे दिली नाही अजून."

त्या पहिल्यापासून निघाल्या. विम्याची जाहिरात, पुढे. पासपोर्टची पोच, पुढे. कोणाचा तरी दिवाळीचा फोटो, आता कशाला पाठवतात देव जाणे, पुढे. एकही सोडलं नाही. योगिनी बाकड्यावरून उठून त्यांच्या मागे उभी राहिली. दोन वाजले. बाई शुक्रवारवर आल्या. सोळावं, सतरावं, अठरावं. अठराव्यावर त्यांचं बोट थांबलं.

मेलात राकेशचं नावच नव्हतं. नुसता त्याच्या खलाशाच्या पुस्तकाचा, म्हणजे जहाजावरच्या नोकऱ्यांची नोंद असते त्या सरकारी पुस्तकाचा, नंबर होता. तो बाईंना पाठ. कचेरीतल्या साठ-सत्तर माणसांचे नंबर त्यांना पाठ आहेत, स्वतःच्या मुलाचा मोबाईल नंबर नाही. मेलात लिहिलं होतं, या नंबराच्या उमेदवारासाठी सेकंड कुकची जागा बुधवार दुपारी तीनपर्यंत राखून ठेवत आहोत, पुस्तकाची आणि मेडिकलची प्रत पाठवावी. खाली नाव, दीपक.

"आज वार कोणता?" बाईंनी विचारलं.

"बुधवार," दोघी एकदम म्हणाल्या.

"आणि वाजलेत किती?"

"दोन वाजून वीस मिनिटं."

"मग रडायला काय झालंय?" म्हणत बाईंनी फोन उचलला.

मुंबईचे दीपकसाहेब जेवत होते. "मॅडम, काल दुसरं मेल गेलंय तुम्हाला," ते तोंडातला घास आवरत म्हणाले.

"गेलंय, मी वाचलंय. कालचं म्हणतं विचार करतोय. शुक्रवारचं म्हणतं राखून ठेवतोय, तीनपर्यंत. सही तुमची आहे. साहेब, तुमचा शब्द तीनपर्यंतचा आहे, आणि अजून चाळीस मिनिटं शिल्लक आहेत."

मग साहेब हसले. "कालचं आमच्या नव्या पोराने सगळ्यांना पाठवलं. बरं, तीनच्या आत कागद द्या. तीन वाजून एक मिनिटाला मी ऐकणार नाही."

कागद! राकेश खाडीपलीकडे भाट्याला घरी, तिथून येईस्तोवर तीन कुठले थांबायला. तेजल गाडीची किल्ली घेऊन दाराशी पोचलीसुद्धा. पण योगिनीने आपली कापडी पिशवी टेबलावर पालथी केली. कंगवा, बसची तिकिटं, अर्धा नारळ आणि प्लास्टिकच्या पिशवीत राकेशचं पुस्तक आणि मेडिकलचा दाखला. "मी घरी ठेवतच नाही काकू. उंदीर आहेत. दोन वर्षं जाईन तिथे घेऊन फिरतेय."

"शहाणी गो बाय माझी!" बाई म्हणाल्या.

तेजलने पानं स्कॅन केली. एकही पान वाकडं आलं नाही, हे सांगितलं पाहिजे. दोन चाळीसला मेल गेलं. मग तिघी पडद्यापुढे बसून राहिल्या. कोणी पाण्यालाही उठलं नाही. तीनला चार मिनिटं कमी असताना उत्तर खाली येऊन पडलं. बाईंनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने. जागा पक्की. रविवारी कांडला बंदरात हजर व्हायचं.

"मला माफ करा," तेजल म्हणाली. ती योगिनीकडे बघू शकत नव्हती. "मला वाटलं, तुम्हाला जमत नाहीये काकू."

"मला जमत नाही असं वाटलं, तर विचारायचंस ना गो." बाईंचा आवाज आता खाली आला होता. "आणि ठळक म्हणजे काय, हे मी तुला सांगायला हवं होतं. तीस वर्षं एकटीने केलं की माणसाला वाटतं, सगळ्यांना माहीतच आहे. चूक दोघींची. माझी जरा कमी." मग खुर्ची सरकवून तिला जागा दिली. "बस इथे. झेंड्याचा नियम पुन्हा लाव. तू लाव, मी बघते. आणि घंटा मोठ्याने."

योगिनीने तोवर नवऱ्याला फोन लावला होता. पलीकडून तो काय ओरडला ते सगळ्या कचेरीला ऐकू आलं. खेडच्या हॉटेलवाल्याला आत्ताच कळवतो म्हणाला. योगिनी हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. फोन ठेवला आणि मग तिला एकदम काहीतरी सुचलं.

"काकू, जहाज किती महिन्यांचं आहे?"

"नऊ."

"नऊ," ती म्हणाली, आणि बाकड्यावर बसली. बराच वेळ पिशवीत सगळं परत भरत राहिली. "दोन वर्षं हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात उभा. आमटीत मीठ किती यावरून रोज भांडण. मी रोज देवाला म्हणायचे, याला जहाज दे आणि माझी चूल मोकळी कर." तिने कंगवा पिशवीत टाकला. "आता चार दिवसांत मोकळी होईल ओ काकू. मग मी जेवायला कोणासमोर बसू?"

कमलाबाईंनी तेजलला खालून तीन चहा सांगायला पाठवलं, आणि योगिनीच्या शेजारी बाकड्यावर जाऊन बसल्या.