बॅटरीचा ब्रेकर आणि बंगलोरचा जावई

मिरजेहून गाडी सुटताना बायकोला बजावलं होतं, बंगलोरला ब्रेकर आणायला चाललोय, लेकीकडे नाही. सुनंदानं मला न विचारता तिथल्या एका मराठी दुकानदाराशी लग्न केलं होतं. तिच्या घरची पायरी चढायची नाही, हे मी तेव्हाच जाहीर केलं होतं.

काम मात्र अडलं होतं. गावातल्या प्रसूतिगृहाला मी बॅटऱ्यांचं कपाट करून देत होतो. वीज गेली की बाळंतिणीच्या खोलीतले दिवे त्यावर चालायचे होते. चाचणीतच त्यातला घरगुती ब्रेकर, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, आतून जळाला. खात्रीचा बसवल्याशिवाय कपाट खोलीत नको, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि तसा मिरजेत मिळेना.

सकाळी खिडकीबाहेर तांबडी माती, नाचणीची शेतं आणि मधूनच नारळीच्या रांगा दिसू लागल्या. उतरलो तर हवा चांगलीच गार. स्वेटर आणला नाही म्हणून स्वतःवर चिडलो. रिक्षावाला मीटर टाकेना, त्याच्याशी भांडून पायीच विजेच्या सामानाच्या बाजारात गेलो. वाटेत इडली खाल्ली आणि चटणी तीनदा मागून घेतली. जरा बरं वाटलं.

बाजारात सगळीकडे घरगुतीच ब्रेकर. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं समोर बोट दाखवलं. बॅटरीचा हवा असेल तर रघुअण्णाकडे जा, म्हणाला. समोरच्या पाटीवर माझ्या जावयाचं नाव होतं.

रघुनाथला मी फक्त फोटोत पाहिलं होतं. त्यानं मला लगेच ओळखलं आणि खुर्ची पुसली.

"बसा मामा. स्वल्प (थोडी) कॉफी घ्या."

मी गिऱ्हाईक म्हणून आलोय, असं सुनावलं.

"सरी (बरं)," म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारू लागला. बॅटऱ्या किती व्होल्टच्या, भार किती, तार केवढी जाड. घरातल्या विजेचा प्रवाह क्षणोक्षणी शून्यावर येतो, तेव्हा ब्रेकरमधली ठिणगी विझते. बॅटरीचा प्रवाह तसा शून्यावर येत नाही, ठिणगी पेटतीच राहते, म्हणून तुमचा जळाला, असं त्यानं समजावलं. मग बॅटऱ्यांच्या शॉर्टसर्किटचा झटका झेपेल असा, खास डीसीचा, पंचवीस अँपिअरचा ब्रेकर पुढे ठेवला.

भाव मी पाडलाच. मग सवयीनं म्हणालो, "याच पैशांत त्रेसष्टचा द्या."

"मामा, भाव अजून कमी करतो. अँपिअर वाढवणार नाही."

"धंदा करायचा नाही का तुम्हाला?"

"तुमचा भार वीसचा. त्यावर पाव भाग धरला की पंचवीस. तुमची तार तीस अँपिअरपर्यंतच टिकते. त्रेसष्टचा बसवला तर ब्रेकर वीज तोडायच्या आधी तार पेटेल. आत बाळंतीण असणार, तान्हं मूल असणार."

माझा आवाज चढला. "आमच्या गावच्या बायकांची काळजी तुम्हाला कशाला?"

तो ब्रेकर फडक्यानं पुसत राहिला. "सुनंदाला सातवा लागलाय. इथंच करायचं म्हणते. माहेरचं बोलावणं आलं नाही."

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे हे कोणी ठरवत बसत नाही. बाप नाहीतर भाऊ जातो आणि लेकीला घेऊन येतो. मी ब्रेकरचे पैसे मोजून दिले. मग घर कुठे आहे ते विचारलं.

घर दुकानाच्या वरच होतं. सुनंदा मला पाहून दारातच थांबली, मग पान मांडायला वळली. तिनं भात आणि सारू (पातळ आमटी) वाढलं.

"आबा, तिखट झालंय का?"

"झालंय."

"मग अजून वाढू?"

"वाढ."

परतीच्या गाडीत ती खालच्या बाकावर झोपली होती. ब्रेकर रघुनाथनं तिच्या साड्यांत गुंडाळून दिला होता. लग्नाचं मला विचारलं नाही, हा राग अजून आहे, आणि बारशाला तो जावयाला ऐकवणार आहे. पण जन्मभर मी दुकानदारांकडून जास्तीचं मागत आलो, आणि नाही म्हणणाऱ्या या एकावरच माझा विश्वास बसला.

मिरजेत डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडून पाहिलं. एवढ्या मोठ्या कपाटाला एवढासाच ब्रेकर कसा, म्हणाल्या.

"एवढाच लागतो," मी म्हणालो. "आमची सुनंदा याच खोलीत येणार आहे."