नाल्याला कान लावणारा

तो आला की आधी जमिनीवर पालथा पडायचा. आमच्या पार्किंगच्या फरशीला कान लावायचा आणि हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. "अक्का, स्वल्प थांबा. पाणी कुठं अडतंय ते ऐकू द्या."

पालिकेच्या नालेसफाईचा तो मुकादम. घरी मराठी बोलणाऱ्या जुन्या बेंगळुरी कुटुंबातला. माझ्या पुणेरी मराठीला हसायचा. "किती जोरात बोलता अक्का, नाला तुंबंल की!" अशी माणसं तुमच्याही भागात असतील. आपण त्यांची नावं विचारत नाही.

हेब्बाळच्या आमच्या सोसायटीची मी सचिव. आवारातून जाणाऱ्या नाल्यावर स्लॅब टाकून आम्ही चार गाड्यांची सोय केली होती. एप्रिलमध्ये तो म्हणाला, "आत गाळ बसलाय. तीन स्लॅब काढा. नाहीतर पावसात पाणी मागं फिरंल."

मागं म्हणजे भिंतीपलीकडची बैठी घरं.

"फरशी नवीन आहे. कमिटीपुढे ठेवते," मी म्हटलं.

ठेवलं नाही. तो चार वेळा आला. त्याच्यामागे सफाईची यादी पूर्ण करायचा वरून तगादा होता, निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. शेवटी मीच सुचवलं, "बाकीचा नाला साफ आहे ना? मग 'सफाई झाली' असं लिहा. मी सही करते."

त्याने कागद त्याच फरशीवर ठेवला. मग त्याने लिहिलं, मी सही केली.

सप्टेंबरात एका दुपारी पाणी मागं फिरलं. आमची लिफ्टसुद्धा बंद पडली नाही. भिंतीपलीकडे तो छातीभर पाण्यात दोर धरून म्हाताऱ्यांना बाहेर काढत होता.

चौकशीचे साहेब आले. तो कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, "हा म्हणतो, स्लॅब काढायला सांगितलं होतं. खरं का?"

तो माझ्याकडे बघत होता. कमिटीही.

"आमच्याकडे लेखी काही आलं नाही," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, म्हणूनच पटकन सुचलं.

"सरी, अक्का, ठीक आहे," तो म्हणाला आणि पाणी ओसरल्यावर फोडलेल्या स्लॅबमधून खाली उतरला. आत अजून निम्मा गाळ होता.

आठवड्याभरात त्याला निलंबित केलं.

घडलं ते सगळं लिहून मी वॉर्ड ऑफिसात नेलं, तेही चार महिन्यांनी. तोवर तो घर सोडून मुलीकडे राहायला गेला होता. कारकुनाने पत्र उभ्यानेच वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "मला पोच हवी आहे."