मामांनी पंख उचलला नाही

धाराशिवजवळच्या धावपट्टीवर मी ग्लायडर उडवायचो. ग्लायडरला इंजिन नसतं. छोटं विमान त्याला दोरीनं ओढून वर नेतं. ती दोरी ग्लायडरच्या नाकाशी असलेल्या हुकात लावायची. पोटाखाली दुसरा हूक असतो, तो जमिनीवरच्या यंत्रानं ओढायचं असेल तेव्हासाठी.

त्या सकाळी नाकाचा हूक मातीनं अडकत होता. मी आत बसूनच मित्राला म्हणालो, "लाव खालच्यात."

ग्लायडर एकाच चाकावर उभं असतं, एक पंख जमिनीला टेकलेला. तो उचलून धरायचं काम ईट गावच्या मामांचं. पंख उचलला की निघायचं, हा नियम. मामांनी तो उचललाच नाही.

"मामा, उचला की."

"दोरी बदला आधी. तोंड वर उसळंल आन् फुडच्या इमानाची शेपटी वर वढंल, त्ये नाकावर आपटंल."

जन्मभर ट्रॅक्टर चालवलेल्या माणसानं मला शिकवावं, याचाच राग आला. फणफणत उतरलो, माती काढली, दोरी नाकाशी लावली.

दुपारी चहा पिताना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या थोरल्या भावानं ओंडका वढायला साखळी लई उंच बांधली व्हती. ट्रॅक्टरचं तोंड वर उसळलं आन् त्यो भावावरच उलटला." मामांनी कप खाली ठेवला. "म्या बाजूलाच हुबा व्हतो. बोललो न्हाय."