कापसात सोड

गोवराची लस टोचल्याशिवाय शाळेत प्रवेश नाही, असा कायदा आला आणि लसीच्या भीतीने एरवी ओस पडलेल्या दवाखान्यात रांग दारापर्यंत गेली. आता नर्सबाईंसमोर त्यांचाच धाकटा भाऊ लेकीला मांडीवर घेऊन बसला होता.

"ताई, लस कापसात सोड आणि कार्डावर नुसता शिक्का मार," तो कुजबुजला. "सख्ख्या भावासाठी एवढंही करणार नाहीस?"

रांगेने कान टवकारले. भावाला नुसता शिक्का मिळाला, तर मागचे सगळे तोच मागणार. बाईंनी सिरिंजमध्ये लस भरली.

"तिचा दंड धर, नाहीतर ऊठ."

भावाने दातओठ खात दंड धरला. "शाळेसाठी टोचून घेतोय, तुझ्यासाठी नाही."

"कशासाठी, ते गोवर विचारत नाही," म्हणत बाईंनी सुई टोचली.