समुद्रबर्फातले जीव

माया करायला गेले अन् सातासमुद्रापलीकडचे पाहुणे मारून बसले, अशी मी शहाणी. ग्लासात बर्फ तडकला की अजून आठवतं. औरंगाबादच्या कॉलेजात आमच्या सरांनी दक्षिण ध्रुवाकडचा समुद्रबर्फ आणला होता. त्याच्या केसाएवढ्या भेगांत, समुद्राहून खारट पाण्यात, तिळाहून बारीक कोळंबीचे भाऊबंद तिथलंच शेवाळ खाऊन जगत होते. "मिठाच्या पाण्यातच वितळव," सर बजावून गेले. मी तर समुद्रही पाहिला नव्हता. दारी आलेल्याला खारट पाणी कसं द्यायचं, म्हणून माठातलं गार पाणी ओतलं. घटकाभरात सगळे फुगून निपचित पडले. सरांनी परत येऊन भिंगातून पाहिलं, मग वही माझ्याकडं सरकवली. "लिही पोरी, ध्रुवावरच्या थंडीत जगले अन् आपल्या माठातल्या पाण्यानं मेले."