बाईंचा खोटा सिग्नल

देशोदेशींहून पारखून आणलेली हुशार पोरं, आणि एकाच्याही हातून साधी तार सरळ ताणली जाऊ नये, याला काय म्हणायचं? बाई याला 'माझं नशीब' म्हणत. सूक्ष्म कण टिपणारे डिटेक्टर बांधायला शिकवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली होती. दरवर्षी पीएचडीसाठी परदेशी पोरांची नवी तुकडी यायची. गणितं अशी सोडवायची की बघत राहावं, आणि तारा जोडायच्या सोल्डरिंगला बसवलं की स्वतःचीच बाही जाळून घ्यायची. एक जण प्रत्येक वाक्याला 'हो बाई' म्हणे आणि नेमकं उलटं करी. दुसऱ्याला शंका विचारायची लाज वाटे, म्हणून तो आधी मोडायचा आणि मग विचारायचा. तिसरी, धुळीचा कण चालत नाही अशा स्वच्छ खोलीत हातमोजे चढवून निवांत केस सारखे करत बसायची. "अगं, मोजे तुझे हात स्वच्छ राहावेत म्हणून नाहीत, पेटी स्वच्छ राहावी म्हणून आहेत!" हे वाक्य बाई झोपेतसुद्धा बोलतात, असं त्यांच्याबरोबर राहणारी त्यांची थोरली बहीण शेजारीपाजारी सांगत असे.

पेटी म्हणजेच डिटेक्टर. दाराच्या फळीएवढी चपटी पेटी, आत केसाहून बारीक तारा ताणलेल्या, ठरावीक वायू भरलेला आणि तारांवर भरपूर व्होल्टेज. एखादा कण आरपार गेला की जवळच्या तारेवर सिग्नल उमटतो. प्रत्येकाने आपली पेटी आपण बांधायची, आपण तपासायची, मग ती ट्रकने कण एकमेकांवर आदळवणाऱ्या मोठ्या यंत्राकडे जायची. तिथे जे मोजमाप मिळेल त्यावर प्रबंध. पेटी गेली नाही तर प्रबंध नाही, इतका सरळ हिशोब.

तपासणीच्या दिवसांत बाईंची एक खोडी ठरलेली असे. कुणाला पत्ता लागू न देता त्या मागच्या इलेक्ट्रॉनिक्समधून एखाद्याच्या पेटीत खोटा सिग्नल सोडत. पोरांनी तो ओळखायचा. दिसलं ते खरं मानलं की संपलात तुम्ही, असं त्यांचं म्हणणं. कुणी समोर येऊन विचारलं तर बाई साफ कानांवर हात ठेवत. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. कबुली मिळायची ती शेवटच्या दिवशी, पेट्या बंद झाल्यावर. त्यामुळे जुनी पोरं नव्यांना पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवत: बाई शपथा घेतील, डोळ्यांत पाणी आणतील, विश्वास ठेवू नका.

यंदा बाईंनी खोडी केलीच नव्हती. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या धावपळीत राहून गेली.

आणि नेमकं यंदाच मुंगीचं ते प्रकरण झालं. मुंगी हे अर्थात ठेवलेलं नाव. चणीने एवढीशी आणि सदानकदा काहीतरी वाहून नेणारी, म्हणून मुंगी. लहान लेक आईकडे ठेवून ती इतक्या लांब शिकायला आली होती. सगळ्या तुकडीत कसबी हात असा एकटा तिचाच, पण हे बाई तिला तोंडावर कशाला सांगतील! तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. उशीर संस्थेमुळे झाला तर मुदत वाढवून मिळे, विद्यार्थ्याच्या चुकीने झाला तर गाशा गुंडाळायचा, असा नियम होता. पण तिची पेटी वेळेत तयार होती, तेव्हा त्या नियमाकडे कोण बघतंय?

ट्रक यायच्या दोन दिवस आधी सगळ्यांसमोर मुंगीने आपली तपासणी मांडली. आलेख झकास होते. शेवटी ती हसून म्हणाली, "डाव्या कोपऱ्यातल्या तारांवर मधूनच विचित्र सिग्नल येतात. ते बाईंनी घातलेले आहेत, म्हणून मी वगळले."

पोरांनी टाळ्या पिटल्या. बाई खुर्चीतून उठल्या.

"मी काही घातलेलं नाही," त्या म्हणाल्या.

टाळ्या दुप्पट झाल्या.

"अरे गाढवांनो, खरंच नाही घातलेलं!"

"वा बाई! मागच्या वर्षीपेक्षा छान जमलं," जुन्या पोरांतला लंबू मागून म्हणाला.

बाई तडक संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालक भला माणूस, पण त्यांना प्रत्येक गोष्टीची आधी गंमतच वाटायची. ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "मलाही सामील करून घेताय होय? मी नाही कुणाला सांगत."

"अहो, त्या पेटीत दोष आहे! तिथे चालू केल्यावर ठिणगी उडाली तर शेजारच्या पेट्याही जातील!"

"ठिणगीची कल्पना उत्तम आहे हं बाई."

घरी येऊन त्यांनी बहिणीसमोर सगळा राग ओकला. डोळ्यावरची पट्टी सांभाळत बहिणीने सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, "बरं, मला तरी खरं सांग. घातलास ना?" बाईंनी ताट पुढे सरकवलं आणि उठून गेल्या. आयुष्यभर खरं-खोटं पारखायला शिकवलं, आणि आता स्वतःच्या खऱ्याला कवडीची किंमत उरली नव्हती. दोष कुणाला देणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

सकाळी त्यांनी मुंगीला पेटीपाशी गाठलं. ती पेटीभोवती फोम लावत होती.

"थांब. व्होल्टेज उतरवून बघ. सिग्नल मी मागून घातला असेल तर व्होल्टेज कमी केल्याने त्याला काही फरक पडणार नाही. आतला असेल तर नाहीसा होईल."

"बाई, त्यात अर्धा दिवस जाईल. पेटी बंद करायची आहे."

"जाऊ दे गेला तर! हे तू आधीच का नाही केलंस?"

"तुम्हीच घातलाय हे माहीत होतं, मग कशाला मोजायचं?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "कशाला मोजायचं! इथे येऊन हेच शिकलीस?"

मुंगीही आता तापली. "जुनी पोरं सांगतात, मागच्या वर्षी एकाने तुमच्या सिग्नलपायी पेटी उघडली, तेव्हा तुम्हीच त्याला सगळ्यांदेखत झापलंत ना? पेटी उघडली की पुन्हा वायू भरून आतली ओल जायला आठवडा लागतो. ट्रक उद्या आहे. माझी लेक फोनवर रोज विचारते, आई कधी येणार. मी तिला काय सांगू? माझ्याशी नका खेळू, बाई. पाया पडते."

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "मी खेळत नाहीये गं. तुझी पेटी तिथे जाऊन जळली, तर ते मला सहन होणार नाही. शपथ कसली घेऊ? माझ्या शपथेला इथे कुणी विचारत नाही."

मुंगीने फोम काढायला सुरुवात केली. "तुमच्यावर माझा विश्वास नाही," ती फणकाऱ्याने म्हणाली. "पण मोजते."

व्होल्टेज उतरवलं. सिग्नल नाहीसे झाले. चढवलं. आले. मुंगीचं तोंड उतरलं. तिने पुन्हा एकदा उतरवून पाहिलं, पण आता ते उगीच, हे दोघींनाही कळत होतं.

दोघींनी मिळून पेटी उघडली. डाव्या कोपऱ्यात एक तार सैल पडून शेजारणीला टेकायला आली होती. टोकाचं सोल्डर नीट बसलंच नव्हतं.

"ही मीच लावली होती," मुंगी म्हणाली. "त्या दिवशी लेक तापाने फणफणली होती. फोन ठेवला आणि घाईघाईत हे केलं." ती तिथेच जमिनीवर बसली. चूक तिची, म्हणजे मुदतवाढ नाही. सगळा खेळ खलास. बाईंना तिला ओरडायचं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं, पण त्यांनी फक्त मोजे काढले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि मुंगीची पेटी सोडून बाकीच्या घेऊन गेला. संचालकांनी बाईंना बोलावलं. आज गंमत कुठे दिसत नव्हती.

"पेटी का गेली नाही? चूक कुणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. "सिग्नल मीच घातला होता. पोरीने दहादा विचारलं, मी नाहीच म्हणत राहिले. घाबरून तिने पेटी उघडली."

"वाटलंच मला!" संचालकांनी टेबलावर थाप मारली. "पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं!"

दोन दिवस बाई घसा फोडून खरं सांगत होत्या तर कुत्रं विचारत नव्हतं, आणि एक खोटं बोलल्या तर ते मिनिटात पटलं. यांना पीएचडी दिली कुणी, असं विचारावंसं त्यांना वाटलं, पण काम व्हायचं होतं म्हणून त्यांनी जीभ आवरली. उशीर संस्थेचा ठरला. यंत्राच्या पुढच्या फेरीपर्यंत मुंगीला मुदत मिळाली. आणि पुढच्या वर्षीची तुकडी बाईंकडून काढून दुसऱ्या कुणाला द्यायची, हेही तिथल्या तिथे ठरलं. बाई 'बरं' म्हणाल्या. वाईट वाटलं होतं, पण ते यांच्यासमोर कोण दाखवणार!

बाहेर मुंगी भिंतीला टेकून उभी होती.

"मुदत वाढली," बाई म्हणाल्या. "चल, तार बदलायला घे. आणि या वेळी फोन बाहेर ठेव."

"वाढली? कशी? तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगणार? खरं ते सांगितलं."

मुंगीने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. एकही रेष हलत नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"नाही बाई. तुम्ही खोटं बोलताय."

"आत्ता कळलं होय तुला!" बाई खेकसल्या. "परवा कुठे गेली होती ही अक्कल?"