सागरगोट्यांचा आवाज

दुपारी मुक्ता गॅलरीत एकटीच सागरगोटे खेळत होती. एक वर उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत बाकीचे उचलायचे. मी दारात उभी राहून तिची बोटं बघत होते.

तिच्या बाबांच्या हातांना हल्ली आपोआप झटके येतात, त्यांना कपबशी धरवत नाही. आजार घराण्यातून आलेला आहे. मुक्तामध्ये तो असेल किंवा नसेल. तपासणी करायची की नाही हे मोठी झाल्यावर तिनंच ठरवायचं, असं डॉक्टर म्हणाले. तोवर तिचा मेंदू वाढतोय, रोज नवं काही शिकतोय. इतर आया अशा वाढीचं कौतुक करतात. मी मेली तिच्या चुकाच शोधत बसते. तिच्या हातून पेला सांडला की मी आधी तिची बोटं बघते. कुठलं मूल पेला सांडत नाही?

एक गोटा निसटून माझ्या पायाशी आला. मी दचकले.

"आई, तू आत जा बरं," मुक्ता वैतागली. "तू अशी बघत राहिलीस की माझा हात थरथरतो."

मी आत गेले. हे पलंगावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तेही गोट्यांचा आवाज ऐकत होते.